मराठी ब्लॉगवर लेखकाचं पान आणि स्वतःचा पत्ता: ब्लॉगर व वर्डप्रेसवर सेटिंग कसं करायचं?

आजच्या लेखात आपण दोन गोष्टी बघणार आहोत. एक, ब्लॉगवर प्रत्येक लेखकाचं स्वतंत्र पान कसं बनवायचं. दोन, पोस्टचा, पानाचा आणि पूर्ण ब्लॉगचा पत्ता आपल्याला हवा तसा कसा ठेवायचा. जवळजवळ सगळं काम मोबाईलवरून होतं. फक्त ब्लॉगरच्या ॲपमध्ये सगळी सेटिंग्ज मिळत नाहीत, म्हणून क्रोममध्ये ब्लॉगर उघडा. स्क्रीन फारच दाटीवाटीची दिसली तर क्रोमच्या मेनूतून 'डेस्कटॉप साइट' सुरू करा.

एक सूचना आधीच देतो. या लेखात सगळे पत्ते आणि बटणांची नावं देवनागरीत लिहिली आहेत, पण टाइप करताना पत्ता इंग्रजी अक्षरांतच टाकायचा. तो इंग्रजीतच का, हेही पुढे येईल.

हे सगळं करायचं कशासाठी? लिहिणारा आणि लेख यांना जोडून ठेवणाऱ्या दोनच गोष्टी इंटरनेटवर असतात: लेखकाचं नाव आणि लेखाचा पत्ता. मजकूर कॉपी होतो, व्हॉट्सॲपवर फिरतो, नाव गळून पडतं. अशा वेळी 'हे मी लिहिलंय' असं दाखवायला तुमच्याकडे चालू असलेली एक लिंक लागते. आणि ती लिंक आज आहे तशीच पाच वर्षांनीही उघडली पाहिजे.

आधी चार शब्द समजून घेऊ

यूआरएल: वेबवरच्या पानाचा पूर्ण पत्ता.

डोमेन: पत्त्याचा पहिला भाग, म्हणजे घराचं नाव. उदा. आमचागाव.ब्लॉगस्पॉट.कॉम किंवा आमचागाव.इन.

स्लग: पत्त्याचा शेवटचा तुकडा, जो एका पोस्टचा किंवा एका लेखकाचा असतो. ब्लॉगरवर पूर्ण पत्त्याला 'पर्मालिंक' म्हणतात. पर्मालिंक म्हणजे कायमची लिंक. नावातच अपेक्षा आहे की ती बदलू नये.

लेखक पान: एका लेखकाची ओळख आणि त्याचे सगळे लेख एका ठिकाणी दाखवणारं पान. वर्डप्रेस ते आपोआप बनवतो. ब्लॉगरवर ते आपल्याला हाताने बनवावं लागतं.

मराठी शीर्षक दिल्यावर पत्त्याचं काय होतं?

इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही अडचण कधी येतच नाही, म्हणून इंग्रजी ट्युटोरियलमध्ये ती सापडत नाही. मराठीत लिहिणाऱ्याला मात्र पहिल्या दिवसापासून येते.

ब्लॉगर शीर्षकातून फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे उचलतो. देवनागरी अक्षरं तो सोडून देतो. शीर्षक पूर्ण मराठीत असेल तर उचलायला काहीच उरत नाही. मग पत्ता बनतो 'ब्लॉग-पोस्ट.एचटीएमएल'. त्याच महिन्यात दुसरी पोस्ट टाकली की 'ब्लॉग-पोस्ट' आणि मागे एखादा आकडा. कितीतरी मराठी ब्लॉगवर शंभर-दीडशे लेख असतात आणि सगळ्यांचं नाव ब्लॉग-पोस्ट! शीर्षकात एखादा इंग्रजी आकडा असेल तर आणखी गंमत होते. शीर्षकात फक्त सन इंग्रजी आकड्यांत लिहिलेला असला, तर पत्त्यातही फक्त तो सनच येतो.

वर्डप्रेसचं वेगळं आहे. तो देवनागरी स्वीकारतो. ब्राउझरच्या पट्टीत पत्ता छान मराठीत दिसतो. पण तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्याच्या चिन्हांची लांबच लांब रांग होते. त्याचं कारण साधं आहे. पत्त्यात मुळात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हंच चालतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट लागतात. प्रत्येक बाइट पत्त्यात लिहिताना टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं, अशा ३ जागा खातो. म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं धरली जातात.

हिशेब करून बघा. 'गोंदिया' या शब्दात ग, ओकार, अनुस्वार, द, वेलांटी, य, काना अशी ७ चिन्हं आहेत. पत्त्यात त्याच्या ६३ जागा होतात. 'झाडीबोली'मध्ये ८ चिन्हं, म्हणजे ७२ जागा.

वर्डप्रेसमध्ये स्लगला २०० जागांची मर्यादा आहे. म्हणजे मराठीची साधारण २२ चिन्हं. समजा शीर्षक आहे 'नवेगावबांध तलावावर उतरलेले पक्षी'. पहिल्या शब्दाच्या ९०, दुसऱ्याच्या ६३, आणि मधल्या दोन डॅशच्या २. एकूण १५५. उरल्या ४५ जागा, म्हणजे ५ चिन्हं. त्यात 'उतरले' एवढंच मावतं. पत्ता होतो 'नवेगावबांध-तलावावर-उतरले' आणि पक्षी उडून जातात!

म्हणून माझा सल्ला असा: शीर्षक शुद्ध मराठीत द्या, लेख मराठीत लिहा, पण स्लग इंग्रजी अक्षरांत आणि छोटा ठेवा. यात मराठीचा काही अपमान नाही. गूगलवर मराठीत शोधणाऱ्याला तुमचा लेख सापडतो तो शीर्षक आणि मजकुरामुळे. पत्त्यातल्या शब्दांचा त्यात वाटा फार थोडा असतो. पत्ता उपयोगी पडतो तो माणसाला: फोनवर सांगताना, पोस्टरवर छापताना, अर्जात लिहिताना.

ब्लॉगरवर पोस्टचा पत्ता स्वतः ठरवा

१. नवीन पोस्ट उघडा. मराठी शीर्षक आणि मजकूर टाका. अजून 'पब्लिश' दाबू नका.
२. उजवीकडच्या 'पोस्ट सेटिंग्ज'मध्ये जा. मोबाईलवर ती गिअरच्या चिन्हात लपलेली असतात.
३. 'पर्मालिंक' उघडा. तिथे 'ऑटोमॅटिक' निवडलेलं असतं. ते बदलून 'कस्टम' करा.
४. इंग्रजी छोट्या लिपीत दोन ते चार शब्द लिहा. शब्दांच्या मध्ये डॅश टाका, मोकळी जागा नको.
५. आता पब्लिश करा.

पत्त्यात मागे सन आणि महिना येतोच. ब्लॉगरवर तो काढता येत नाही, त्यामुळे स्लगमध्ये पुन्हा सन लिहू नका.

जुन्या पोस्टचं काय करायचं?

पोस्ट एकदा पब्लिश झाली की पर्मालिंकला कुलूप लागतं. बदलायचीच असेल तर पोस्ट 'रिव्हर्ट टू ड्राफ्ट' करावी लागते, मग पत्ता बदलून पुन्हा पब्लिश करता येते. मात्र हे करताना दोन गोष्टी सांभाळा.

पहिली, तारीख. पुन्हा पब्लिश करण्याआधी पोस्टची मूळ तारीख तशीच आहे ना, ते बघा. तारीख आजची झाली तर पत्त्यातला सन-महिनाही बदलतो.

दुसरी, जुनी लिंक. ती कुणीतरी ग्रुपवर टाकलेली असते, कुणी सेव्ह करून ठेवलेली असते. पत्ता बदलला की ती बंद पडते. यासाठी सेटिंग्जमध्ये 'एरर्स अँड रिडायरेक्ट्स' हा भाग आहे. तिथे 'कस्टम रिडायरेक्ट्स' उघडा. 'फ्रॉम'मध्ये जुना पत्ता टाका आणि 'टू'मध्ये नवा. दोन्हीकडे ब्लॉगचं नाव लिहायचं नाही, पहिल्या तिरप्या रेघेपासून पुढचा भागच लिहायचा. 'परमनंट' सुरू करा आणि सेव्ह करा. मग जुन्या लिंकवर आलेला वाचक आपोआप नव्या पत्त्यावर जातो.

शंभर जुन्या पोस्ट असतील तर सगळ्या बदलत बसू नका. ज्या पाच-दहा लेखांची लिंक तुम्ही नेहमी कुणाला तरी पाठवता, तेवढ्याच बदला. बाकीच्या 'ब्लॉग-पोस्ट' नावानेच राहू द्या. कुरूप पण चालू लिंक ही सुंदर पण मेलेल्या लिंकपेक्षा कधीही चांगली.

वर्डप्रेसमध्ये हे सोपं आहे. पोस्टच्या सेटिंगमध्ये स्लग बदलला की तो जुना स्लग लक्षात ठेवतो आणि वाचकाला नव्या पत्त्यावर पाठवतो.

स्पेलिंग एकदाच ठरवा

इंग्रजी अक्षरांत लिहायचं ठरवलं की पुढचा प्रश्न: स्पेलिंग कोणतं? मी गोंदिया जिल्ह्यातला, म्हणून आपल्याकडचीच उदाहरणं घेतो.

'गोंदिया'च्या शेवटी कुणी आय-ए लिहितं, कुणी आय-वाय-ए. 'नवेगाव'मध्ये कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू. सालेकसा तालुक्यातलं कचारगड हिंदी वळणाने 'गढ' असंही लिहिलं जातं, मग शेवटी डी की आर-एच? 'झाडीपट्टी'च्या झ साठी तर तीन पर्याय: नुसता झेड, झेड-एच किंवा जे-एच. यातलं कोणतं बरोबर यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण एकाच ब्लॉगवर तीन तऱ्हा झाल्या की आपल्यालाच आपली लिंक आठवत नाही.

मी पाळतो ते नियम:

• गावाचं, तालुक्याचं नाव सरकारी वेबसाइटवर जसं आहे तसं घ्या.
• बोलीतल्या शब्दाला जास्त लोक सहज टाइप करतील ते स्पेलिंग घ्या. झाडीबोलीत ळ चा र आणि ण चा न होतो, डोळ्याला 'डोरा' आणि पाण्याला 'पानी' म्हणतात. शीर्षकात बोलीतलाच शब्द असेल तर स्लगमध्येही तोच ठेवा, प्रमाण मराठीत फिरवू नका.
• दीर्घ स्वरासाठी दोन ए, दोन ई असं लांबवू नका.
• ठरवलेली स्पेलिंग फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. ब्लॉगवर चार लेखक असतील तर ती यादी चौघांकडे असू द्या.

हीच गोष्ट तुमच्या नावाची. आडनावाचं स्पेलिंग एका ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरं असेल तर शोधणाऱ्याला ती दोन माणसं वाटतात. कॉलेजच्या कागदपत्रांवर जे आहे तेच लेखक पानावर ठेवा. टोपणनावाने लिहीत असाल तर ते सगळीकडे एकसारखं ठेवा.

ब्लॉगरवर लेखक पान: चौघांच्या एका ब्लॉगचं उदाहरण

माझ्या ओळखीतल्या चौघांचा एक ब्लॉग आहे. दोघं अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, एक आमगावचा, एक मुलगी सालेकसा तालुक्यातली. एक जण धानशेती आणि मामा तलावांवर लिहितो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. दुसरा पक्ष्यांवर, तिसरा झाडीपट्टीतल्या नाटकांवर आणि दंडारीवर. ती मुलगी हाजरा फॉल, दरेकसा, कचारगडची यात्रा या भागातल्या गोष्टी लिहिते.

चौघंही एकाच जीमेलने लॉगिन करायचे. पासवर्ड चौघांकडे. त्यामुळे प्रत्येक पोस्टखाली नाव यायचं ते ज्याने खातं उघडलं त्याचं. तोपर्यंत कुणाला काही वाटलं नव्हतं. मग त्या मुलीला पत्रकारितेच्या कोर्ससाठी अर्ज करायचा होता. अर्जात स्वतःच्या लेखनाची लिंक मागितली होती. तिचे १९ लेख ब्लॉगवर होते, त्यातला एकही तिच्या नावावर नव्हता, आणि पत्ते सगळे 'ब्लॉग-पोस्ट'. वाचणाऱ्याने विश्वास तरी कशावर ठेवायचा?

आम्ही ते पाच टप्प्यांत नीट केलं. तुम्हीही तसंच करू शकता.

पहिला टप्पा: प्रत्येकाला स्वतंत्र लेखक करा. 'सेटिंग्ज'मध्ये 'परमिशन्स' भाग आहे. तिथे 'इन्व्हाइट मोअर ऑथर्स' दाबा आणि समोरच्याचा जीमेल पत्ता टाका. त्याला मेल जातो, त्यातली लिंक स्वीकारली की तो ब्लॉगचा लेखक होतो. एका ब्लॉगवर १०० पर्यंत सदस्य चालतात. 'ऑथर'ला फक्त स्वतःच्या पोस्ट बदलता येतात, 'ॲडमिन'ला सगळं करता येतं. ॲडमिन दोन ठेवा. एकच असला आणि त्याचं खातं बंद पडलं तर ब्लॉग अडकतो. सगळे जोडले गेले की एकत्र वापरलेला जुना पासवर्ड लगेच बदला.

दुसरा टप्पा: प्रोफाइल नीट करा. प्रत्येकाने आपापल्या लॉगिनमधून 'सेटिंग्ज'मधलं 'यूजर प्रोफाइल' उघडावं. 'डिस्प्ले नेम'मध्ये जे लिहाल तेच पोस्टखाली दिसतं. इथे मराठीत नाव लिहिलं तरी चालतं. ईमेल दाखवायचा पर्याय बंद करा. या प्रोफाइलचा पत्ता म्हणजे लांबलचक आकडा असतो आणि तो आपल्याला बदलता येत नाही. म्हणून फक्त प्रोफाइलवर भागत नाही, पुढचे टप्पे लागतात.

तिसरा टप्पा: लेबल लावा. जुन्या पोस्टचा लेखक बदलायला ब्लॉगरमध्ये साधं बटण नाही. म्हणून प्रत्येक जुन्या पोस्टच्या पहिल्या ओळीत लेखकाचं नाव लिहा आणि त्या नावाचं लेबल लावा. पोस्टच्या यादीत एकदम अनेक पोस्ट निवडून लेबल लावता येतं, एकेक उघडायची गरज नाही. लेबल लावलं की त्या लेखकाच्या सगळ्या पोस्टची यादी आपोआप तयार होते. तिचा पत्ता असतो ब्लॉगच्या नावापुढे '/सर्च/लेबल/' आणि मग लेबल. लेबल मराठीत दिलं तर इथेही टक्क्यांची रांग येते. पण ही लिंक हाताने कुणाला द्यायचीच नसल्यामुळे मराठी लेबल ठेवायला हरकत नाही.

चौथा टप्पा: लेखकाचं पान बनवा. 'पेजेस'मध्ये जाऊन 'न्यू पेज' करा. पानाचा पत्ता पहिल्यांदा पब्लिश करताना शीर्षकावरून ठरतो. शीर्षक मराठीत असेल तर पत्ता होतो '/पी/ब्लॉग-पेज.एचटीएमएल'. म्हणून आधी शीर्षकात फक्त इंग्रजी अक्षरांत नाव लिहून पान पब्लिश करा. मग तेच पान पुन्हा उघडा, शीर्षक मराठीत करा आणि अपडेट करा. पत्ता जुना, म्हणजे छोटा इंग्रजीच राहतो आणि वाचकाला शीर्षक मराठीत दिसतं.

पाचवा टप्पा: सगळं एकमेकांना जोडा. लेखकाच्या पानावर लेबलच्या यादीची लिंक द्या: 'माझे सगळे लेख'. प्रत्येक पोस्टमध्ये लेखकाच्या नावावर त्याच्या पानाची लिंक द्या. 'लेआउट'मध्ये 'पेजेस' गॅजेट जोडून चौघांची नावं मेनूत आणा, कारण नवीन पान मेनूत आपोआप येत नाही.

कुणी विचारेल, लेबलचीच लिंक अर्जात दिली तर? एक तांत्रिक कारण आहे. ब्लॉगरच्या मूळ रोबोट्स फाइलमध्ये '/सर्च' ने सुरू होणारे पत्ते सर्च इंजिनसाठी बंद ठेवलेले असतात. म्हणजे लेबलच्या यादीतला मजकूर गूगल वाचत नाही. '/पी/' वालं पान मात्र वाचतं. कुणी तुमचं नाव गूगलवर टाकलं तर सापडायला हवं ते हेच पान.

त्या मुलीने शेवटी अर्जात एकच लिंक दिली: ब्लॉगचं नाव, '/पी/' आणि तिचं नाव. पानावर तिची चार ओळींची ओळख आणि निवडक सहा लेख. सालेकशाच्या मुलीने सालेकशाबद्दल लिहिलेलं, तिच्या नावानिशी.

लेखक पानावर काय असावं?

• नाव, मराठीत आणि इंग्रजीत.
• तीन-चार ओळी: कशावर लिहिता, कधीपासून, कोणत्या भागातले.
• तुम्हाला स्वतःला आवडलेले पाच-सहा लेख, प्रत्येकापुढे एका ओळीत विषय.
• सगळ्या लेखांच्या यादीची लिंक.
• संपर्कासाठी लेखनापुरता वेगळा ईमेल.

काय नसावं: मोबाईल नंबर, जन्मतारीख, घराचा पत्ता, कॉलेजचा रोल नंबर. छोट्या गावात नाव आणि गाव एवढ्यावर घर सापडतं. म्हणून गावाऐवजी तालुका किंवा जिल्हा लिहिला तरी पुरे. फोटो टाकायलाच हवा असं नाही. टोपणनाव घेणं ही लपवाछपवी नाही, मराठीत ती जुनी रीत आहे.

वर्डप्रेसवर लेखक पान

वर्डप्रेसमध्ये लेखकाचं पान आयतं मिळतं. पत्ता असतो साइटचं नाव, '/ऑथर/' आणि लेखकाचा स्लग. हा स्लग बनतो यूजरनेमवरून, आणि गोम इथेच आहे. यूजरनेम म्हणजे लॉगिन करायचं नाव. ते पत्त्यात उघड दिसतं. पासवर्ड फोडणाऱ्याचं अर्धं काम तिथेच होतं.

म्हणून स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस असेल तर असं करा:

१. यूजरनेम एकदा ठरलं की डॅशबोर्डवरून बदलता येत नाही. त्यामुळे नवीन लेखक जोडताना नीट विचार करून द्या. 'ॲडमिन' हे नाव तर नकोच.
२. 'एडिट ऑथर स्लग' नावाचं मोफत प्लगइन मिळतं. त्याने पत्त्यातलं नाव लॉगिनच्या नावापेक्षा वेगळं ठेवता येतं.
३. 'यूजर्स'मधल्या 'प्रोफाइल'मध्ये 'डिस्प्ले नेम' मराठीत करा आणि 'बायोग्राफिकल इन्फो'मध्ये ओळख लिहा. फोटो 'ग्रॅव्हटार' या सेवेतून येतो, तो तुमच्या ईमेलशी जोडलेला असतो.
४. 'सेटिंग्ज'मधल्या 'पर्मालिंक्स'मध्ये 'पोस्ट नेम' निवडा. साइट नवीन असतानाच हे करा.
५. पासवर्ड मोठा ठेवा आणि दोन टप्प्यांचं लॉगिन सुरू करा.

जुन्या पोस्टचा लेखक बदलणं इथे सोपं आहे. पोस्टच्या सेटिंगमध्ये 'ऑथर'च्या यादीतून दुसरं नाव निवडायचं, झालं.

स्वतःचं डोमेन घ्यावं का?

ब्लॉगस्पॉटचा मोफत पत्ता वाईट नाही. नुकतंच लिहायला लागला असाल तर तोच ठेवा. पण एक लक्षात घ्या: मोफत नाव मध्येच बदललं तर जुन्या नावाच्या सगळ्या लिंक बंद पडतात. ब्लॉगर जुन्या ब्लॉगस्पॉट नावावरून नव्या नावावर वाचकाला पाठवत नाही. म्हणून पहिलंच नाव विचार करून घ्या.

वर्षभर नियमित लिहिलं आणि पुढेही लिहायचं ठरलं, तर डोमेन घ्या. ब्लॉगरवर होस्टिंगचा खर्च नसतो, फक्त डोमेनचे पैसे लागतात. जोडायची पद्धत:

१. कुठल्याही डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून डॉट इन किंवा डॉट कॉम नाव घ्या.
२. ब्लॉगरच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'पब्लिशिंग', तिथे 'कस्टम डोमेन'. सुरुवातीला तीन डब्ल्यू लावून पूर्ण नाव टाका.
३. सेव्ह करताना ब्लॉगर लाल अक्षरांत चूक दाखवतो आणि दोन 'सीनेम' नोंदी देतो. घाबरू नका, याच नोंदी आपल्याला हव्या असतात. पहिलीत नाव तीन डब्ल्यू आणि पुढे 'जीएचएस.गूगल.कॉम'. दुसरी प्रत्येकाची वेगळी असते.
४. डोमेन कंपनीच्या 'डीएनएस' पानावर या दोन्ही नोंदी जशाच्या तशा टाका. हाताने टाइप करू नका, कॉपी-पेस्ट करा.
५. थोडा वेळ थांबा, कधी कधी दिवसभरही लागतो. मग ब्लॉगरमध्ये पुन्हा सेव्ह करा.
६. शेवटी 'एचटीटीपीएस' आणि 'एचटीटीपीएस रिडायरेक्ट' सुरू करा.

इथे चांगली गोष्ट अशी की जुना ब्लॉगस्पॉट पत्ता आपोआप नव्या डोमेनवर जातो. आधी वाटलेल्या लिंक मरत नाहीत.

डोमेन कुणाच्या नावावर घेतलं जातंय याकडे लक्ष द्या. आपल्याकडे बरेचदा 'मी करून देतो' म्हणणारा ओळखीचा माणूस स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतो. पुढे तो फोन उचलत नाही आणि नाव हातचं जातं. पैसे कुणीही भरू दे, खातं आणि ईमेल तुमचाच हवा. आणि घेण्याआधी पहिल्या वर्षाचा दर नाही, दुसऱ्या वर्षाचा रिन्यूअलचा दर बघा. मुदत संपली आणि दुसऱ्याने नाव घेतलं, तर तुमच्या जुन्या लिंकवर त्याचा मजकूर दिसू लागतो.

डॉट भारतचं काय?

हो, पूर्ण देवनागरीत डोमेन मिळतं. डॉट भारत ही सोय ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली आणि ती मराठीसाठीही आहे. मागे मात्र इंग्रजी अक्षरंच काम करतात. देवनागरी नावाचं 'प्यूनीकोड' पद्धतीने एक्स, एन आणि दोन डॅश यांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी नावात रूपांतर होतं. कॉपी केल्यावर किंवा काही ॲपमध्ये तेच रूप दिसतं. शिवाय ज्याच्या फोनवर मराठी कीबोर्ड नाही त्याला ते टाइप करता येत नाही. हौस म्हणून जरूर घ्या. पण मुख्य पत्ता इंग्रजी अक्षरांतला ठेवा आणि डॉट भारत त्याच्याकडे वळवा.

पत्ता स्वतःच्या जागेवर का ठेवायचा?

मोठ्या कंपनीच्या भरवशावर ठेवलेली ओळख कशी जाते, याची उदाहरणं कमी नाहीत. लाखो लोकांची घरची पानं असलेलं जिओसिटीज याहूने २००९ मध्ये बंद केलं. गूगलने २०११ मध्ये शोधाच्या निकालात लेखकाचं नाव आणि फोटो दाखवायची सोय आणली आणि २०१४ मध्ये काढून टाकली. अनेकांनी ब्लॉगरचं प्रोफाइल गूगल प्लसला जोडलं होतं, ते गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद झालं. लिंक छोटी करून देणारी गूगलची सेवाही २०१९ मध्ये नव्या लिंकसाठी बंद झाली. म्हणून लिंक छोटी करायला बाहेरची सेवा वापरू नका, स्लगच छोटा ठेवा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगला पत्ता तो, जो बदलत नाही.

ब्लॉगरसुद्धा गूगलचाच आहे. त्यामुळे 'सेटिंग्ज'मधल्या 'मॅनेज ब्लॉग'मध्ये जाऊन महिन्यातून एकदा 'बॅक अप कंटेंट' करा आणि फाइल दुसरीकडे ठेवा. डोमेन तुमचं असेल आणि बॅकअप हाताशी असेल, तर उद्या वर्डप्रेसवर गेलात तरी घराचं नाव तेच राहतं. महत्त्वाचे लेख इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये 'सेव्ह पेज नाऊ' करून ठेवले तर आणखी चांगलं.

थोडक्यात क्रम

आज: पुढच्या पोस्टला कस्टम पर्मालिंक द्या आणि स्पेलिंगची यादी बनवा.
या आठवड्यात: प्रत्येक लेखकाला स्वतंत्र लॉगिन द्या आणि जुन्या पोस्टना नाव व लेबल लावा.
पुढच्या आठवड्यात: '/पी/' वालं लेखक पान बनवून मेनूत आणा. सर्वात जास्त वाचल्या गेलेल्या पाच लेखांचे पत्ते सुधारा, रिडायरेक्टसह.
वर्षभराने: वाटलं तर डोमेन, स्वतःच्या नावावर.

पूर्व विदर्भात झाडीबोलीत, पोवारीत, गोंडीत लिहिणारी मुलं आता कुठे इंटरनेटवर येऊ लागली आहेत. पुस्तक छापलं की मुखपृष्ठावर नाव येतंच. ब्लॉगवर ते आपण स्वतः लिहावं लागतं, आणि त्याला अर्धा तास पुरतो.